अनकटच्या मागे लागण्याआधी

अरे मित्रा, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका टीव्हीवर चालू असतानाच 'अनकट, म्हणजे काही न झाकलेली आवृत्ती, कुठे मिळेल' म्हणून जीव काढू नकोस. जपानमध्ये एकाच भागाच्या दोन-दोन आवृत्त्या निघतात. टोकियो एमएक्ससारख्या फुकट वाहिनीवर मध्यरात्रीनंतर लागते ती झाकलेली: नेमक्या जागी पांढरा झोत, नाहीतर न्हाणीघरात इतकी वाफ की पात्रं शोधावी लागतात. पैसे भरून बघायच्या एटी-एक्सवर बरंच मोकळं दाखवतात. ब्लू-रेवर झोत जातो, शिवाय घाईत काढलेली चित्रंही बऱ्याचदा सुधारलेली असतात. माझ्या मते थांबण्याचं खरं कारण तेच.

'इशुझोकु रिव्ह्युअर्स' या कामुक मालिकेचं बघ. २०२० साली फ्युनिमेशन या अमेरिकन ॲनिमे कंपनीने तीन भागांनंतर मालिका काढून टाकली, पुढे टोकियो एमएक्सनेही बंद केली. एटी-एक्सवर मात्र चालू राहिली.

आणि कात्री फक्त उघड्या अंगावर चालते असं नाही. 'टोकियो गूल'मध्ये २०१४ साली टीव्हीवर रक्तपाताच्या वेळी रंगच उलटे केले होते. मला आधी वाटलं माझा स्क्रीन गेला!

डिस्क घेताना पाकिटावरची भाषा आणि रीजन (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो कोड) तपास. जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल्स सहसा नसतात. आणि अठरा पूर्ण नसतील तर हा धागा इथेच सोड.