सिझेरियनला तीन महिने झाले, कंबर आणि जांघेमधलं हाड अजून दुखतं. कमरेत दिलेल्या इंजेक्शनमुळे असेल का?

इंजेक्शनला बोल लावू नका. भुलीची सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, पण महिनोन्‌महिने कंबर धरते ती त्यामुळे नाही. भूल न घेता बाळंत झालेल्यांनाही हा त्रास होतोच. गरोदरपणात कमरेखालचे सांधे सैलावतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, आणि तशातच आपण दिवसरात्र बाळावर वाकून असतो.

कूस बदलताना, जिना चढताना, सलवार घालताना कळ येते असं तुम्ही लिहिलंय. माझंही हेच होतं. जिना आणि सलवार, दोन्हींत सगळा भार एका पायावर येतो. कूस बदलताना पाय फाकतात. माझ्या फिजिओथेरपिस्टने व्यायामाआधी याच सवयी बदलायला लावल्या. सलवार बसून घालायची. गुडघे जुळवून अख्खं अंग एकदम वळवायचं. जिन्यावर दोन्ही पाय एका पायरीवर टेकले की मगच पुढची पायरी. दादरच्या पुलावर मागून "ओ ताई, चला ना" ऐकू येईल, येऊ दे. बाळाला एकाच कडेवर घेऊ नका, आणि पाजताना मांडीवर उशी घेऊन त्याला वर आणा, आपण खाली वाकायचं नाही.

व्यायाम साधाच: श्वास सोडताना वारा आणि लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आत ओढायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. पोट कमी करायला म्हणून सिट-अप्स आत्ता नकोत.

घरचे तुमचं पोट बांधतात ते बरं वाटत असेल तर ठीक, पण या दुखण्याला पट्टा लागतो तो खाली, कुल्ल्यांभोवती. शेक गरम पाण्याच्या पिशवीचा घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी खरंच धोक्याची. अंगावर पाजताना पॅरासिटामॉल चालते, डोस तेवढा डॉक्टरांना विचारा.

मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. खासगी परवडत नसेल तर सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

मात्र ताप, घाण वासाचा स्राव, एका पोटरीला सूज, पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.