इंग्रजीत 'टू किलोमीटर्स फार' का म्हणत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: 'माय हाऊस इज टू किलोमीटर्स फार फ्रॉम द स्टेशन' हे वाक्य चुकीचं का ठरलं, आणि अंतर किंवा प्रमाण सांगणारी क्रियाविशेषणं वाक्यात नेमकी कशी बसवायची?

मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मराठी मुलांच्या वह्यांत ही चूक मला सतत दिसते आणि तिचं कारणही समजण्यासारखं आहे. आपण 'दोन किलोमीटर लांब' म्हणतो. आकडा असो वा नसो, आपलं 'लांब' जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र आकडा आला की 'फार' जातो आणि 'अवे' येतो. (इथे 'फार' म्हणजे इंग्रजीतला, दूर या अर्थाचा.) म्हणून प्रश्न 'हाऊ फार इज द स्टेशन?' असला, तरी उत्तर 'इट्स टू किलोमीटर्स अवे'. कुठून ते सांगायचं असेल तर 'फ्रॉम' जोडा, मग 'अवे' गाळलात तरी चालतं: 'लोणावळा इज अबाऊट सिक्स्टी फाइव्ह किलोमीटर्स फ्रॉम पुणे.' वेळेचं अंतरही असंच सांगतात: 'टेन मिनिट्स अवे', 'दिवाळी इज थ्री वीक्स अवे'.

आकडा नसेल तेव्हाही थोडं जपायला हवं. नुसता 'फार' प्रश्नात आणि नकारात सहज बसतो: 'इज इट फार?', 'इट इजन्ट फार'. साध्या होकारार्थी वाक्यात मात्र 'इट्स फार' कानाला अपुरं वाटतं. तिथे बोलताना 'इट्स अ लाँग वे' म्हणतात. 'टू फार' (इथे 'टू' म्हणजे दोन नव्हे, प्रमाणाबाहेर जास्त), 'सो फार', 'फार इनफ', 'फार अवे' अशी सोबत मिळाली की होकारातही 'फार' चालतो. 'फार'सोबत 'इनफ' नेहमी मागून येतो, हे विसरू नका.

आता आपल्या 'पर्यंत'बद्दल. 'आय वॉक्ड टिल द स्टेशन' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत 'टिल' वेळेसाठी असतो. जागेसाठी 'आय वॉक्ड ॲज फार ॲज द स्टेशन' म्हणा. म्हणजे तिथवर गेलो, पुढे नाही. त्यातूनच 'ॲज फार ॲज आय नो', म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे, हा प्रयोग आला. इथे रस्त्यावरचं अंतर उरलं नाही, माहितीची हद्द आली. 'सो फार'चंही तेच. 'वी हॅव रेड टेन पेजेस सो फार' यात तो आतापर्यंत या अर्थाने येतो.

हाच 'फार' प्रमाणही दाखवतो आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण आपला 'फार चांगला' तोंडात बसलेला असतो. इंग्रजीत 'फार गुड' होत नाही, तिथे 'व्हेरी गुड'. 'फार' हवा असेल तर तुलना हवी: 'फार बेटर', 'फार मोअर एक्स्पेन्सिव्ह'. सगळ्यांत वरचढ असेल तर 'बाय फार द बेस्ट'. जास्त या अर्थाच्या 'टू'च्या आधीही चालतो, 'फार टू एक्स्पेन्सिव्ह'. 'फार्दर' आणि 'फर्दर' यांत फारसं अडकू नका. अंतरासाठी दोन्ही चालतात, 'अधिक' या अर्थी मात्र 'फर्दर'च: 'फर्दर इन्फर्मेशन'.

वाक्यातल्या जागेचं म्हणाल तर अंतराचे शब्द बहुधा क्रियापदाच्या नंतर येतात. प्रमाणाचे बरेचसे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी आणि सहायक असेल तर त्याच्या नंतर: 'आय कम्प्लीटली ॲग्री', 'आय हॅव नियरली फिनिश्ड', 'आय ऑलमोस्ट मिस्ड द ट्रेन'. 'व्हेरी' एकटा क्रियापदाला लागत नाही. 'मला चहा खूप आवडतो' याचं 'आय व्हेरी लाइक टी' करू नका, 'आय लाइक टी व्हेरी मच' म्हणा. 'व्हेरी मच' मात्र 'लाइक' आणि 'टी' यांच्या मध्ये घालू नका.

एका शब्दाकडे विशेष लक्ष द्या: 'हार्डली'. 'शी वर्क्स हार्ड' म्हणजे ती कष्ट करते आणि 'शी हार्डली वर्क्स' म्हणजे ती जेमतेमच काम करते. नकार त्याच्या पोटातच आहे, त्यामुळे सोबत आणखी 'नॉट' नको. 'आय कॅन हार्डली हिअर यू' एवढंच पुरे. नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल लिहिताना या दोन शब्दांची गल्लत झाली, तर वाक्याचा अर्थच उलटा होतो.