पाईपलाईनचा चर खोदण्यापूर्वी : जमिनीखालच्या वीज केबलविषयी आलेल्या प्रश्नांना उत्तर

खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले आहे की, उसाला ठिबक बसविण्यासाठी मुख्य पाईपचा चर जेसीबीने काढायचा आहे, परंतु त्याच पट्ट्यात वडिलांच्या काळी मोटरची केबल पुरलेली असून ती नेमकी कोठून गेली आहे हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी काय करावे? निपाणी भागातून, वेदगंगेच्या काठावरून, दुसरा प्रश्न आला आहे : थ्री फेज गेल्यावर खोदले तर भीती नाही असे मजूर म्हणतात, ते खरे आहे काय? तिसरा प्रश्न चिक्कोडी भागातील असून तो शेवटी घेतो.

आपल्याकडे केबल म्हटले की हेस्कॉमची, म्हणजे हुबळीच्या वीज पुरवठा कंपनीची, केबल डोळ्यांसमोर येते. त्या केबलची निदान काही खूण तरी असते. प्रचलित मानकानुसार कमी दाबाची केबल सुमारे ७५ सेंटीमीटर आणि ११ हजार व्होल्टची केबल सुमारे ९० सेंटीमीटर खोल टाकली जाते, तिच्या खाली-वर वाळू असते आणि वर विटांचा थर किंवा फरशी झाकलेली असते. माझ्या मते शेतात अधिक धोकादायक ठरते ती आपण स्वतः किंवा शेजाऱ्याने पुरलेली केबल. मीटरच्या पेटीपासून विहिरीपर्यंत किंवा नदीवरच्या मोटरपर्यंत ती हातभर खोल, वाळू-विटांशिवाय नेलेली असते, आणि पुष्कळदा ती बोअरच्या पाण्यात सोडण्यासाठी बनविलेली चपटी केबल असते, जिच्यावर लोखंडी तारांचे कवच नसते. तिचा नकाशा कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. खोदकामाची आगाऊ सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे, परंतु शेतकऱ्याची खासगी केबल त्यातून कळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

खोलीच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये. सपाटीकरण करताना वरची फूटभर माती दुसरीकडे ओढली गेली असेल, तर ७५ सेंटीमीटर खोल पुरलेली केबल आज ४५ सेंटीमीटरवर आलेली असते आणि तेवढ्या खोलीपर्यंत सबसॉयलरचा (खोलवर जमीन फोडणाऱ्या अवजाराचा) फाळ सहज पोहोचतो.

म्हणून खानापूरच्या शेतकरी बंधूंनी जेसीबी बोलावण्याच्या आधी एक दिवस शेतात फिरावे. खांबावरून किंवा टीसीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) एखादी केबल लोखंडी नळीतून जमिनीत उतरते काय, स्टार्टरच्या पेटीखालून ती कोणत्या दिशेला वळते आणि विहिरीच्या काठाशी कोठे वर येते, हे पाहून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. मात्र केबल या दोन खुंट्यांमध्ये सरळ रेषेत असेलच असे नाही, कारण जोडाजवळ आणि खांबाजवळ जादा वेटोळे ठेवण्याची पद्धत आहे. जुना गडी, शेजारी आणि केबल टाकणारा वायरमन हयात असेल तर तो, या सर्वांना विचारावे. नंतर संशयित रेषेच्या दोन्ही बाजूंस निदान एक मीटरपर्यंत यंत्र न लावता हाताने चाचणी खड्डे घ्यावेत. पहार आणि टिकाव यांचा टोकदार घाव टाळावा. फावड्याने बाजूने, थर-थर माती खरवडत जावे. काळ्या रानात अचानक वाळूचा पट्टा, ओळीत लावलेल्या विटा किंवा लाल पट्टी दिसली तर हात तेथेच थांबवावा. सापडलेली केबल हाताने उचलून बाजूला सरकवू नये. ती बंद आहे असे सिद्ध होईपर्यंत चालूच आहे असे समजावे.

आता निपाणीच्या प्रश्नाकडे वळतो. थ्री फेज गेली म्हणजे केबल निर्जीव झाली, हे मजुरांचे म्हणणे चुकीचे आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज बंद असताना एका फेजवर वीज चालू राहू शकते, आणि पाळीची वेळ बदलून वीज मध्येच आली तर ऑटो स्टार्टर कोणालाही न विचारता मोटर सुरू करतो. म्हणून मेन स्विच बंद करून फ्यूजचे किटकॅट (फ्यूजची तार बसविलेले चिनी मातीचे तुकडे) काढावेत, ते खोदणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत आणि वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्यावे. हे फक्त आपल्या केबलपुरते. हेस्कॉमची केबल असेल तर सेक्शन ऑफिसात लेखी अर्ज देऊन लाईनमनच्या उपस्थितीतच खोदावे. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा लागला तर संकोच करू नये. सोबत सर्वे नंबर आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडावा, कारण नकाशा कोणत्याही भाषेत वाचता येतो. अर्जाची पोच मात्र न चुकता घ्यावी.

एवढे करूनही जेसीबीची बकेट केबलला लागलीच, तर चालकाने आसनावरून उतरू नये आणि इतरांनी निदान दहा मीटर दूर जावे. यंत्राला आग लागली तरच चालकाने दोन्ही पाय जुळवून, यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी मारावी आणि पाय जमिनीला घासत, अगदी लहान पावलांनी दूर सरकावे. ठिणगी विझली म्हणजे वीज गेली असे मानू नये, कारण टीसीवर नवा फ्यूज घातला गेला की तीच केबल पुन्हा जिवंत होते. विजेसाठी १९१२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकांवर कळवावे. कोणी चिकटलेला असेल तर पुरवठा तोडल्याशिवाय त्याला हात लावू नये.

चिक्कोडीच्या शेतकऱ्याने विचारले आहे की, फावडे लागून केबलची केवळ साल निघाली असून मोटर व्यवस्थित चालते, तेव्हा टेप गुंडाळून चर बुजविला तर चालेल काय? चालणार नाही. अशा जखमेत पावसाळ्यात पाणी शिरते आणि भोवतालच्या ओल्या जमिनीत करंट उतरतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्या जमिनीवर माणसापेक्षा त्याला अधिक मोठा झटका बसतो, आणि पेरणीच्या दिवसांत जनावर अचानक कोसळण्यामागे हे कारण असू शकते. केबल बंद करून जाणकार वायरमनकडून केबल जोडण्याचे योग्य किट वापरून जोड करून घ्यावा आणि मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने) केबलचे इन्सुलेशन, म्हणजे वीजरोधक आवरण, तपासून घ्यावे. शक्य असल्यास कवच असलेली नवी केबल घालून तिच्या खाली-वर वाळू द्यावी, पाण्याचा पाईप त्याच चरात टाकू नये आणि बुजविण्यापूर्वी बांधाच्या दगडापासूनचे अंतर मोजून मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. तपासणी होईपर्यंत मोटर चालवू नये, चर उघडा ठेवावा आणि लेकरे व जनावरे तिकडे जाऊ नयेत म्हणून भोवती बाभळीचे काटे टाकावेत.