खोडरबर लांब ठेव

सोलापूर

प्रिय दोस्ता,

प्रदर्शनाचा आराखडा वाचला. पहिल्याच भिंतीवर जन्मसाल, पुरस्कार आणि शाल-श्रीफळाचे फोटो! ते सगळं शेवटी ने. बालपुस्तकांच्या चित्रकाराचं काम बघायला आलेलं पोर आधी विचारतं, "हे हातानं काढलंय?" पहिल्या भिंतीनं त्याला तेच सांगावं.

त्यासाठी पुस्तकातलं एकच पान घे. पेन्सिलीचं कच्चं रेखाटन, शाईचं मूळ चित्र, त्यावर रंगाच्या सूचना लिहिलेला बटर पेपर आणि छापलेलं पान, असं ओळीनं लाव. मूळ चित्र बहुधा छापील चित्राहून मोठं निघेल. लहान करून छापलं की रेघ नेटकी दिसते. पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकलेली चूक, वरून चिकटवलेला दुसरा चेहरा, समासातल्या फिक्या निळ्या खुणा, काही पुसायचं नाही. तो निळा छपाईच्या कॅमेऱ्यात उमटत नसे, म्हणून तर वापरत. खोडरबर फिरला की निम्मं प्रदर्शन गेलं.

जलरंगावर उजेड 50 लक्सच्या वर नको (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). लक्समीटर चित्राला लागून धरून मोज. उजेडानं होणारं नुकसान साचत जातं: 500 लक्सचे 3 दिवस म्हणजे 50 लक्सचा महिना. प्रवेशाचा बोळही मंद ठेव, नाहीतर आपल्या उन्हातून आत आलेल्याला काळोखच दिसेल.

एप्रिल-मे टाळच. टळत नसेल, तर हॉलमध्ये कूलर लावू देऊ नकोस. दिवसा दमटपणा चढतो, रात्री कूलर बंद झाला की उतरतो, आणि कागदाला लाटा येतात. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास हवी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती हलता कामा नये.

फ्रेमवाल्याला सेलोटेप आणि फेव्हिकॉल दोन्हींची बंदी. आम्लरहित माउंटबोर्ड, म्हणजे चित्र बसवायचा जाड पुठ्ठा, घे. चित्र त्यावर वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या, म्हणजे पातळ पण चिवट कागदाच्या, दोन पट्ट्यांनी टांगायचं, बाकी मोकळं. चारी बाजूंनी चिकटवलेला कागद आकसताना फाटतो. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. खळ म्हणजे काय हे यंत्रमागाच्या गावात सांगायला नको, पण मैद्याची नको. तिला कसर लागते. काच चित्राला टेकू देऊ नकोस, माउंटच्या जाडीएवढी फट हवी.

चित्राचा मध्य जमिनीपासून 115 सेंटिमीटरवर घे. मोठी माणसं वाकतील.

पाट्यांवर मजकूर 40 शब्दांच्या आत. मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूही हवी. आपल्याकडे या चारही माध्यमांच्या शाळा आहेत. भाषांतर त्या-त्या शाळेतल्या शिक्षकांकडून तपासून घे. उर्दू उजवीकडून सुरू होते, त्यामुळे एकाच पाटीवर कोंबलीस तर मांडणी बिघडते. तिला वेगळी पाटी दे.

आणि चित्रकाराच्या घरच्यांकडून चित्रं आणण्याआधी प्रत्येकाचा पुढून-मागून फोटो काढ, डाग आणि फाटलेल्या कडा लिहून काढ, दोन प्रतींवर सह्या घे. एक प्रत त्यांच्याकडे राहू दे. परत देताना तोच कागद समोर ठेवून चित्रं मोजून द्यायची आहेत.