अणुमुत्सद्देगिरीत जायचंय, मग फिजिक्स सोडायचं का?

पत्र: माझी मुलगी मुंबईत फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही बोईसरला राहतो, तारापूरचं अणुवीज केंद्र इथून जवळच. तिला आंतरराष्ट्रीय अणुसुरक्षेच्या क्षेत्रात, शक्यतो व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेत काम करायचंय. त्यासाठी बी.एस्सी. झाल्यावर फिजिक्स सोडून आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एम.ए. करते म्हणते. तिच्या बाबांचं म्हणणं, सरळ यूपीएससी दे. पहिल्या वर्षी ७१ टक्के पडले. मला भीती वाटते ती किरणोत्साराची. आम्ही काय करावं? – एक आई, बोईसर

ताई, नमस्कार.

एम.ए.चा विचार आत्ता बाजूला ठेवा. मुलीचं ध्येय चांगलं आहे, पण तिथे जाण्यासाठी ती नेमकी तिच्या हातातली किल्लीच टाकून द्यायला निघाली आहे.

आधी एक घोळ निस्तरू. मराठीत आपण ‘अणुसुरक्षा’ या एकाच शब्दात तीन वेगळी कामं कोंबतो. अणुभट्टीत अपघात होऊ नये, कामगाराला आणि गावाला किरणोत्सार पोचू नये, हे पहिलं. आपल्याकडे ते अणुऊर्जा नियामक मंडळ बघतं. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय अणुशक्तीनगरात आहे. दुसरं काम चोरी आणि घातपात रोखण्याचं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगाराच्या बाजारात कोबाल्ट-६० पोचलं आणि एकाचा जीव गेला. असा स्रोत मुळात बाहेर पडू नये, पडलाच तर लगेच सापडावा, यासाठीचे करार आणि बंदोबस्त या दुसऱ्या कामात येतात. तिसरं काम पडताळणीचं. वीज बनवण्यासाठी म्हणून आणलेलं युरेनियम एखाद्या देशानं गुपचूप बॉम्बकडे तर वळवलं नाही ना, हे तपासायचं. याला मराठीत रुळलेला शब्द नाही, या क्षेत्रातली माणसं ‘सेफगार्ड्स’च म्हणतात. पत्रावरून वाटतं की मुलीच्या मनात हे तिसरं काम आहे. तिला एकदा स्पष्ट विचारा, कारण तिन्हींच्या वाटा पुढे बऱ्याच वेगळ्या होतात.

सेफगार्ड्स समजून घ्यायला तुमच्या घराजवळचंच उदाहरण घेऊ. तारापूरला चार अणुभट्ट्या आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अमेरिकी बनावटीच्या, प्रत्येकी १६० मेगावॉटच्या. त्यांना समृद्ध, म्हणजे सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं. ते बाहेरून आलं आणि सोबत तपासणीची अटही आली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं हात आखडता घेतला, पुढे फ्रान्सकडून इंधन आलं, नंतर चीन आणि रशियाकडूनही. अट मात्र प्रत्येक वेळी कायम राहिली. तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची, जड पाण्यावर चालणारी, आपली स्वतःची. त्या आंतरराष्ट्रीय तपासणीच्या यादीत नाहीत. एकाच आवारात दोन भट्ट्यांमध्ये व्हिएन्नाचा निरीक्षक जातो आणि शेजारच्या दोन भट्ट्यांमध्ये जात नाही. ही रेघ अमेरिकेशी झालेल्या अणुकरारात पक्की झाली. नागरी कोणतं आणि लष्करी गरजेसाठी राखलेलं कोणतं, याची विभागणी करून भारतानं १४ भट्ट्या तपासणीखाली ठेवायचं ठरवलं. १८ जुलै २००५ चं संयुक्त निवेदन, १ ऑगस्ट २००८ ला व्हिएन्नाच्या संस्थेच्या गव्हर्नर मंडळाची मंजुरी, ६ सप्टेंबर २००८ ला अणुसाहित्य निर्यात करणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाची सवलत, मे २००९ मध्ये सेफगार्ड्स करार लागू, असा तो प्रवास.

या वाटाघाटींत परराष्ट्र खात्याचे अधिकारी तर होतेच, पण कोणती भट्टी कोणत्या बाजूला टाकायची हे अणुऊर्जा विभागाच्या संमतीशिवाय ठरू शकत नव्हतं. या विभागाचे तेव्हाचे सचिव आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर. इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या २०१५ च्या करारातही हेच दिसतं. बोलणी तांत्रिक मुद्द्यांवर अडली तेव्हा अमेरिकेकडून अर्नेस्ट मोनिझ बसले, ते अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ. समोर अली अकबर सालेही, त्यांची अणुअभियांत्रिकीतली पीएच.डी. त्याच एमआयटीची.

अशा माणसांची गरज का पडते, ते आकड्यांतून कळतं, म्हणून इथे थोडं थांबते. सेफगार्ड्स म्हणजे मुळात जमाखर्च आहे. व्हिएन्नाच्या संस्थेनं एक ‘लक्षणीय प्रमाण’ ठरवलंय. एवढा माल गायब झाला तर एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्लुटोनियम ८ किलो. अतिसमृद्ध युरेनियम असेल तर त्यातलं युरेनियम-२३५ धरून २५ किलो. वीस टक्क्यांहून कमी समृद्ध युरेनियमात तेच ७५ किलो. इराणला २०१५ च्या करारात ३.६७ टक्के समृद्धीचं ३०० किलो युरेनियम हेक्झाफ्लोराइड ठेवायची मुभा होती. त्यातलं फ्लोरिन वजा केलं तर युरेनियम उरतं सुमारे २०३ किलो, त्यात युरेनियम-२३५ साधारण साडेसात किलो. ७५ चा दहावा हिस्सा. बातमीत नुसतं ‘३०० किलो’ वाचणाऱ्याला तो आकडा मोठा की छोटा हे कळत नाही. ज्याला हा हिशेब येतो तो विचारतो, युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं, म्हणजे सेंट्रिफ्यूज किती आहेत, कोणत्या पिढीचे आहेत, आणि एका बॉम्बपुरता माल जमवायला किती महिने लागतील. करारातली मर्यादा तो कालावधी निदान वर्षभराचा राहावा अशा बेतानं आखली होती.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. जपानमधल्या रोक्काशो इथल्या, वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणाऱ्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पाची आखणी वर्षाला ८०० टन वापरलेल्या इंधनासाठी आहे. अशा इंधनात ढोबळमानानं एक टक्का प्लुटोनियम धरा, म्हणजे ८ टन. आता मोजमापात फक्त एक टक्का अनिश्चितता राहिली तरी ती ८० किलो होते, दहा लक्षणीय प्रमाणांइतकी! कुणी काही चोरलेलं नसतं, तरी नुसत्या वह्या तपासून ‘सगळा माल जागेवर आहे’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी कॅमेरे, सीलं, चालू प्रक्रियेतलं सततचं मोजमाप आणि निरीक्षकांची हजेरी, हे सगळं एकावर एक रचावं लागतं. मुलीला प्रॅक्टिकलमध्ये कंटाळवाणं वाटणारं त्रुटींचं गणित या क्षेत्राच्या मुळाशी आहे.

निरीक्षकाचं रोजचं काम टीव्हीवरच्या परिषदांसारखं दिसत नाही. तलावात बुडवलेल्या वापरलेल्या इंधनाचे जुडगे मोजायचे, किरणोत्सारामुळे पाण्यात दिसणाऱ्या निळ्या चेरेन्कोव्ह प्रकाशावरून ते खरे की नकली दांडे ठेवलेत हे ओळखायचं. इंधन जुनं होत गेलं की तो प्रकाश मंदावतो, मग जास्त संवेदनशील डिजिटल कॅमेरा लागतो. सीलं काढून ती छेडलेली नाहीत ना हे बघायचं; धातूच्या सीलाच्या आतल्या ओरखड्यांचा फोटो आधीच घेतलेला असतो, त्याच्याशी ते जुळवतात. कापडाच्या तुकड्यानं पृष्ठभाग पुसून नमुने घ्यायचे. इथे चूक कुठे होते? हातमोजे न बदलता दुसरा नमुना घेतला, तर पहिल्या खोलीतला कण दुसऱ्या खोलीच्या नावावर जातो, आणि त्या एका कणावरून दोन देशांत पत्रापत्री सुरू होऊ शकते. तलावावरचा दिवा गेला आणि कॅमेऱ्याला काही तास काळोख दिसला, तर तेवढ्या काळाची साखळी तुटते आणि माल पुन्हा मोजावा लागतो. मुत्सद्द्यांच्या टेबलावर जे वाक्य येतं, त्याचा उगम अशा कामात असतो.

आता वाट. निरीक्षकाच्या जाहिरातीत विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी मागतात, आणि पी-३ या मधल्या श्रेणीसाठी किमान पाच वर्षांचा अनुभव. फक्त आंतरराष्ट्रीय संबंधांचं एम.ए. घेऊन या पदासाठी अर्ज टिकत नाही. उलट भौतिकशास्त्रानंतर धोरणाचा अभ्यास कधीही करता येतो. म्हणून एम.एस्सी. फिजिक्स करावं, शक्य तर न्यूक्लिअर फिजिक्स हा विशेष विषय घेऊन. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एक वर्षाच्या ओसीईएस प्रशिक्षणासाठी अर्ज करावा. पदवीत किमान ६० टक्के लागतात. खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २६, हिला ती अडणार नाही. केंद्राची स्वतःची चाळणी परीक्षा किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षेचे गुण, यातलं काहीही मुलाखतीपर्यंत नेतं, पण अंतिम निवड मुलाखतीवर होते. तिथे पाठांतर चालत नाही. तुम्हीच सांगितलेल्या विषयात मुळापर्यंत खोदत नेतात, आणि बरीच हुशार मुलं दुसऱ्या वर्षाच्या प्राथमिक गोष्टींवर अडखळतात. निवड झाली की अणुऊर्जा विभागात किमान तीन वर्षं काम करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. त्याला घाबरू नका. पुढे जो पाच वर्षांचा अनुभव मागतात, त्यातली तीन वर्षं यातच भरतात.

विभागाचं मुख्यालय मुंबईतच, गेटवेजवळ. सेफगार्ड्स, निर्यात नियंत्रण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य बघणारी न्यूक्लिअर कंट्रोल्स अँड प्लॅनिंग विंग ही विभागाचीच शाखा. हरियाणात बहादूरगडजवळ अणुऊर्जा भागीदारीचं जागतिक केंद्र आहे, तिथे परदेशी तज्ज्ञांसोबत प्रशिक्षण चालतं. या कामांतून गेलेला माणूस व्हिएन्नाला अर्ज करतो तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं.

व्हिएन्नाची नोकरी जन्मभराची नसते, हेही आत्ताच सांगून ठेवते. सुरुवातीचा करार साधारण तीन वर्षांचा आणि सर्वसाधारण कमाल मुदत सात वर्षं. मागे परतायला जागा असलेली माणसं तिथे निश्चिंतपणे काम करतात.

मुलींसाठी या संस्थेची मारी क्युरी यांच्या नावाची फेलोशिप आहे, पदव्युत्तर शिक्षणासाठी. वर्षाला शुल्कापोटी १०,००० युरोपर्यंत, राहण्याच्या खर्चाला १०,००० युरोपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षं. अट साधारण ७५ टक्क्यांची. ७१ वरून तिथे पोचायला दोन वर्षं हातात आहेत, अशक्य नाही. पदवीची तीन वर्षं पूर्ण झाल्यावर इंटर्नशिपलाही अर्ज करता येतो.

एक चूक अनेक जण करतात. व्हिएन्नात अणुचाचणीबंदी कराराचीही संस्था आहे, तिच्या जाहिराती आकर्षक असतात. पण तिथे करारावर सही केलेल्या देशांच्याच नागरिकांना घेतात आणि भारतानं सही केलेली नाही. तो अर्ज भरण्यात वेळ घालवू नये.

तिच्या बाबांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो वेगळ्या आयुष्याचा आहे. परराष्ट्र सेवेत निःशस्त्रीकरण विभाग आहे, व्हिएन्ना आणि जिनिव्हाला भारताची कायम कार्यालयं आहेत. मात्र तिथेच नेमणूक मिळेल याची हमी कुणी देत नाही, आणि मिळाली तरी तीनेक वर्षांनी बदली होते. तिला आधी मुत्सद्दी व्हायचं असेल तर यूपीएससी. आधी अणुविज्ञान हवं असेल तर ही वाट. खुल्या गटासाठी वय ३२ पर्यंत, सहा प्रयत्न, ऐच्छिक विषय फिजिक्स घेता येतो, म्हणजे एम.एस्सी. केल्यानं ते दार बंद होत नाही.

खासगी क्षेत्राकडेही लक्ष असू द्या. अणुउपयोगी यंत्रसामग्री निर्यात करायला ‘स्कोमेट’ या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या सरकारी यादीनुसार परवाना लागतो आणि त्यातल्या अणुविषयक वस्तूंचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या शांती कायद्यानं खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्र खुलं केलं, त्यामुळे हे नियम कळणारी माणसं कंपन्यांनाही लागणार.

तुमच्या भीतीबद्दल. किरणोत्साराच्या क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला असतो आणि त्याची नोंद आयुष्यभर राहते. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. गरोदरपण कळवल्यावर काम बदलून देतात. मुलीनं ही माहिती लपवायची नाही, एवढंच.

या वर्षापुरतं सांगते. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे गॅमा किरणांवरून पदार्थ ओळखण्याची पद्धत, मागून घ्यावी. संख्याशास्त्र मनापासून करावं. फ्रेंच किंवा रशियन यांपैकी एक भाषा सुरू करावी. या दोन्ही व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेच्या अधिकृत भाषा आहेत, शिवाय जैतापूरची बोलणी फ्रान्सशी आहेत आणि तमिळनाडूतलं कुडनकुलमचं अणुवीज केंद्र रशियाच्या मदतीनं उभं राहिलं. आणि सुट्टीत घरी आली की भारताचा २००९ चा सेफगार्ड्स करार संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला सांगा, क्रमांक ७५४. त्याला जोडलेल्या यादीत तारापूर शोधायला लावा, आणि दोनच भट्ट्या का आहेत हे तिला तुम्हाला मराठीत समजावून सांगू दे.