बेझचं सूत्र वापरून घोड्यांच्या शर्यतीत पैसे मिळवता येतात का?

बेझचं सूत्र म्हणजे नवी माहिती कळल्यावर आधीचा अंदाज किती बदलायचा ते सांगणारं गणित. ते चालतं, पण बहुतेकांना वाटतं तसं नाही. घोड्याचा मागचा फॉर्म, जॉकी, वजन, अंतर हे सगळं सूत्रात घातलं की जिंकण्याची टक्केवारी बाहेर पडेल, असं ते धरून चालतात. बेझ आधी विचारतो, ही माहिती कळण्याआधी तुमचा अंदाज काय होता? आणि रेसकोर्सवर तो अंदाज टोटच्या बोर्डावर फुकटात लिहिलेला असतो. टोट म्हणजे सगळ्यांच्या पैजांचे पैसे एकत्र करून, आपला हिस्सा कापून, बाकीचे जिंकणाऱ्यांत वाटणारी व्यवस्था; लोक कुठल्या घोड्यावर किती लावतात त्यावरून बोर्डावरचा भाव ठरतो.

मी संख्याशास्त्र शिकलो. रेसचा नाद मामाचा. पुण्याचा सीझन ऐन पावसाळ्यात, तेव्हा तो मला न्यायचा. एकदा दुपारी पावसाची झड लागली होती. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे दाखवतात त्या आवारात, घोडे फिरत होते आणि मामाने ओल्या रेसबुकात एका घोडीच्या नावाभोवती शिसपेन्सिलीने गोल काढला. "अरे, ही पाण्यातच पळते!" बोर्डावर भाव होता १० रुपयांना ५०, म्हणजे घोडी जिंकली तर १० चे एकूण ५० परत.

मी वहीत मांडलं. ५० चा भाव म्हणजे वरवर २० टक्के. पण आठही घोड्यांचे टक्के मिळवले तर बेरीज १२५ येत होती. वरचे २५ येतात ते टोट आपला हिस्सा कापून घेतो म्हणून. म्हणून २० ला १.२५ ने भागलं. लोकांच्या मते तिची शक्यता १६ टक्के, जिंकणं-हरणं १६ : ८४. आता पुरावा. जुन्या निकालांवरून माझा अंदाज असा की जिंकणाऱ्यांपैकी ३० टक्के घोडे ओल्या ट्रॅकवर आधी चांगले पळालेले असतात, हरणाऱ्यांपैकी १५ टक्के. म्हणजे दुप्पट. म्हणून सूत्राप्रमाणे जिंकण्याची बाजू दुप्पट केली, १६ चे झाले ३२; ३२ : ८४ म्हणजे साडेसत्तावीस टक्के. १० रुपयांमागे सरासरी पावणेचौदा परत! दोघांनीही पैसे लावले. घोडी चौथी आली.

हरलो म्हणून गणित चुकलं असं नव्हे. साडेसत्तावीस टक्के म्हणजे चारातून जवळपास तीनदा हरणं आलंच. खरी चूक घरी जाताना बसमध्ये लक्षात आली. पाऊस काय एकट्या मामाच्या डोक्यावर पडत होता? पैजा घेणाऱ्या खिडक्या उघडल्या तेव्हा त्या घोडीचा भाव ८० होता, सरी वाढल्या तसा तो उतरत ५० वर आला. त्या १६ टक्क्यांत पाऊस आधीच मोजलेला होता. मी तो परत एकदा मोजला.

विचारायला हवं होतं ते हे : सारख्याच भावाच्या घोड्यांत, ओल्या ट्रॅकवर पळणारे बाकीच्यांपेक्षा किती जास्त जिंकतात? समजा ते प्रमाण दुपटीऐवजी १.२ निघालं. मग १९.२ : ८४, म्हणजे १८.६ टक्के, आणि १० रुपयांमागे ९ रुपये ३० पैसे. नुसतं बरोबरीत सुटायलाच १.३१ लागतं. पैजेच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी यात धरलेलाच नाही. आधी तो २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० आहे.

गणिताने घोड्यांवर पैजा लावणाऱ्या अमेरिकन बिल बेंटरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हाँगकाँगमध्ये त्याने यातून खरोखर अमाप पैसा केला, पण सुरुवातीला तोही बुडाला होता. गाडी रुळावर आली ती त्याने आपल्या मॉडेलच्या अंदाजात लोकांचा भाव मिसळला तेव्हा. १९९४ च्या लेखात त्याने ते मांडलंय. शिवाय तिथे हॅपी व्हॅली आणि शा टिन अशी दोनच मैदानं, तेच घोडे पुन्हा पुन्हा पळणार, आणि टोटमध्ये प्रचंड पैसा. आपल्याकडे टोटमध्ये जमणारी एकूण रक्कम लहान. मोठी रक्कम लावली की तुमच्याच पैशाने भाव पडतो.

तरी हौस असेल तर एक सीझन पैसे न लावता वही ठेवा. शर्यत सुटण्याआधी एका रकान्यात बोर्डाचे टक्के लिहा, शेजारी तुमचे. मी दोन सीझन हे केलं. ज्यांना मी ३० टक्के दिले होते, त्यांतले पाचात एकही धड जिंकले नाहीत. बोर्डाचा रकाना माझ्यापेक्षा खरा निघाला. मामाला वही दाखवली तर म्हणाला, "मग आता बोर्ड बघूनच लाव की!" त्याला तो टोटने कापलेला हिस्सा समजावता समजावता पुढची शर्यत सुटली.