जिवाणू विषाणूला ‘सरावतात’ की नाही?

पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाने सायन्सच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं, ‘जिवाणू हळूहळू विषाणूला सरावतात’, सरांनी सरावतात खाली लाल रेघ ओढून वर ‘प्रतिकारक होतात’ लिहिलं. ताईंचं म्हणणं, आमच्या दिंडोरीकडे सगळे द्राक्षवाले भुरी रोगाबद्दल ‘भुरी औषधाला सरावली’ असंच बोलतात की, मग यात चुकलं काय?

ताई, मराठी म्हणून काहीच चुकलं नाही. भानगड क्रियापदाच्या पोटात आहे. सरावायला तोच जीव टिकावा लागतो, आधी त्रास मग सवय. डिसेंबरात रोज पहाटे रामकुंडात बुडी मारणारा माणूस थंडीला सरावतो, कारण दुसऱ्या दिवशी बुडी मारायला तो शिल्लक असतो. निर्ढावणे त्याच्याही पुढचं, बोलणी खाऊन खाऊन आलेलं. पण इथे विषाणू आत शिरला की थोड्याच वेळात जिवाणू फुटून खलास, मग सरावणार कोण?

आणि हे नुसतं शब्दाचं कीस पाडणं नाही हं, एके काळी शास्त्रज्ञांमध्येच यावर वाद होता की विषाणू भेटल्यावर काही जिवाणू बदलतात की आधीच बदललेले असतात. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुकने निकाल लावला. एकाच जातीचे थोडे थोडे जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांमध्ये वाढवले आणि मग प्रत्येक नळीतला माल विषाणू पसरलेल्या बशीवर ओतला. विषाणू बघून बदलत असते तर सगळ्या बशांमध्ये वाचलेले साधारण सारखेच निघाले पाहिजेत ना? त्यांच्या एका प्रयोगात २० पैकी ११ बशांत शून्य, एकीत ६४ आणि एकीत चक्क १०७! म्हणजे त्या नळीत बदल, आपलं पुस्तकी उत्परिवर्तन, लवकर झालं होतं आणि विषाणूचं तोंडही न बघता त्या बदललेल्या जिवाणूची पिलावळ वाढून बसली होती. लुरियाला ही कल्पना सुचली ती पार्टीत जुगाराचं मशीन बघून, बहुतेक वेळा काही नाही आणि मग एकदम घबाड.

बदल तरी काय, तर जिवाणूच्या अंगावरच्या ज्या प्रोटीनला धरून तो विषाणू आत शिरतो तेच बिघडतं, दाराची कडीच निखळल्यासारखं. त्या जीनचं जुनं नाव टॉन-ए, ते विषाणूच्या टी-वन या नावावरून पडलंय, हे मला भारी आवडतं.

आता सरांचं ‘होतात’. माझ्या मते ते पण तितकंच गंडलेलं, कारण होतात म्हटलं की परत तोच जीव बदलला असं वाटतं. इथे हवंय ‘उरतात’. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याचं बघा, पावसाळाभर निम्मा सडला आणि बाकीचा टिकला तर तो सडण्याला सरावला असं लासलगावात कोणी म्हणेल का, टिकाऊ होता तो उरला. प्रोजेक्टमध्ये लिहा : ‘विषाणूला दाद न देणारे जिवाणू आधीच असतात, विषाणूच्या हल्ल्यानंतर तेच उरतात आणि वाढतात.’ दाद मूळ फारसी, अर्थ न्याय, म्हणून कोर्टात दाद मागतात. ‘दाद देत नाही’ मध्ये कशामुळे, कधीपासून याबद्दल शब्दच काही बोलत नाही, म्हणून इथे तो बिनधोक. भुरी तर बुरशी आहे, पण तिथेही हाच वाक्प्रचार चालेल.

फक्त एक घोळ. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर २००७ साली दाखवलं गेलं की काही जिवाणू हल्ल्यातून वाचताना विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्यावरून त्याला ओळखतात, हीच ती क्रिस्पर नावाची जिवाणूंची बचावाची यंत्रणा. तिथे मुलाचं ‘सरावतात’ मी खोडणार नाही, फार तर ‘ओळखायला शिकतात’ सुचवेन.